माऱ्याआधीची शिस्त

पायदळाच्या पाठीशी उभी राहणारी अवजड शस्त्रे शत्रूसाठी जितकी घातक, तितकीच ती बेसावधपणे हाताळणाऱ्यासाठीही. ही शस्त्रे चालवण्याचे शिक्षण कसे दिले जाते, त्यात सुरक्षेचे नियम इतके कठोर का असतात आणि ते मोडले की काय होते, याचा हा परिचय.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, वाळवंटी प्रदेशात, हॉथॉर्न येथे लष्करी दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे. १८ मार्च २०१३ च्या रात्री त्या परिसरात मरीन कोअरच्या एका तुकडीचा उखळी तोफांचा सराव सुरू होता. रात्री दहाच्या सुमारास ६० मिलिमीटरच्या एका उखळी तोफेपाशीच बॉम्बचा स्फोट झाला आणि सात तरुण सैनिकांना प्राण गमवावे लागले. आसपास शत्रू नव्हता, युद्ध नव्हते. ज्या शस्त्राने शत्रूला रोखायचे, त्या शस्त्राजवळच त्यांचा अंत झाला.

प्रथम संशय दारूगोळ्यावर गेला. त्या जातीचे बॉम्ब आणि त्या तोफांच्या नळ्या यांचा वापर खबरदारी म्हणून थांबवण्यात आला. मात्र मे महिन्यात चौकशीचा निष्कर्ष जाहीर झाला, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. दोष धातूचा वा दारूचा नव्हता. शस्त्र चालवण्याची ठरलेली पद्धत पाळली गेली नव्हती, आणि या सरावापूर्वी त्या पथकाची आवश्यक ती पूर्वतयारीही करून घेण्यात आलेली नव्हती. आधीचा बॉम्ब नळीत असतानाच दुसरा बॉम्ब आत सोडला गेल्याचे वृत्तांत म्हटले होते. बटालियनच्या प्रमुखासह तीन अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले.

या घटनेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘पूर्वतयारी’ हा आहे. लष्करी सरावातील अपघाताची बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि ‘लष्करात असे व्हायचेच’ असे म्हणून पान उलटतो. प्रत्यक्षात असे व्हायचेच नसते. ते होऊ नये म्हणून एक संपूर्ण शास्त्र उभे केलेले आहे. सामान्य नागरिकाला त्याची फारशी कल्पना नसते, म्हणून त्याची थोडी ओळख करून घेणे उचित ठरेल.

‘सपोर्ट वेपन’ म्हणजे काय?

पायदळाच्या जवानाचे मूळ शस्त्र म्हणजे रायफल. रायफल एकट्याची असते. तिची मर्यादाही उघड आहे. टेकडीच्या पलीकडे दडलेला शत्रू, काँक्रीटचा बंकर किंवा अंगावर येणारा रणगाडा यांच्यापुढे रायफल अपुरी पडते. अशा वेळी पुढे सरकणाऱ्या जवानांना मागून किंवा बाजूने आधार देणारी शस्त्रे लागतात. तीच ‘सपोर्ट वेपन्स’, म्हणजे साहाय्यक शस्त्रे. उखळी तोफ, मध्यम मशीनगन, स्वयंचलित ग्रेनेड लाँचर, रॉकेट लाँचर आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र ही त्यांतील प्रमुख होत.

भारतीय पायदळात ८१ मिलिमीटरची उखळी तोफ, ७.६२ मिलिमीटरची मध्यम मशीनगन, रशियन बनावटीवर आधारित ३० मिलिमीटरचा एजीएस-१७ ग्रेनेड लाँचर, मूळ स्वीडिश ८४ मिलिमीटरचा कार्ल गुस्ताफ लाँचर, तसेच मिलान आणि कोंकुर्स ही क्षेपणास्त्रे गेली अनेक वर्षे वापरात आहेत. पायदळाच्या बटालियनमध्ये यांतील अवजड शस्त्रांसाठी स्वतंत्र ‘सपोर्ट कंपनी’ असते.

रायफल आणि ही शस्त्रे यांतील खरा फरक आकाराचा किंवा वजनाचा नाही. रायफल एक जण चालवतो. ही शस्त्रे बहुधा पथक चालवते. एक जण नेम साधतो, दुसरा गोळा भरतो, तिसरा दारूगोळा तयार करून देतो, चौथा आदेश देतो. उखळी तोफेच्या बाबतीत तर लक्ष्य पाहणारा माणूस काही किलोमीटर दूर असतो आणि तोफेजवळच्यांना लक्ष्य दिसतही नाही. याचा अर्थ असा, की एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. साहाय्यक शस्त्रांच्या शिक्षणात सुरक्षेला अग्रस्थान मिळते ते यामुळे.

या शिक्षणाचे आपल्या देशातील प्रमुख केंद्र म्हणजे मध्य प्रदेशातील महू येथील इन्फंट्री स्कूल. महू हे नाव मराठी माणसाला परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १८९१ मध्ये याच छावणीत झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ तेव्हा लष्करात सुभेदार होते. त्या गावाला आता डॉ. आंबेडकर नगर असे नाव आहे. देशभरातील बटालियनांमधून निवडलेले अधिकारी आणि जवान येथे येतात, ही शस्त्रे शिकतात आणि आपल्या तुकडीत परतून इतरांना शिकवतात. मोठ्या तोफांसाठी हेच काम नाशिकजवळच्या देवळालीतील तोफखाना विद्यालय करते. फाळणीपूर्वी ते काकूल येथे होते.

‘शुरू-शुरू का काम’

ज्यांनी महाविद्यालयात एनसीसी केली आहे, त्यांना लष्करी शस्त्रशिक्षणाची धाटणी आठवत असेल. शिकवणाऱ्याला भारतीय लष्करात ‘उस्ताद’ म्हणतात. वर्ग भरला, की उस्ताद थेट शस्त्राला हात घालत नाही. आधी येते ते ‘शुरू-शुरू का काम’. वर्गाची मोजदाद होते, गट पाडले जातात, शस्त्रांची आणि सामानाची तपासणी होते. त्यानंतर धड्याचा ‘मकसद’ सांगितला जातो आणि मग कुठे शिकवणे सुरू होते. शेवटी ‘दोहराई’, म्हणजे उजळणी असते.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे यांत्रिक, कंटाळवाणेही वाटेल. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, बाहेर काढलेल्या शस्त्राची नळी रिकामी आहे हे सकाळी पाहिले, वर्गापूर्वी पाहिले, वर्गानंतर पाहिले आणि परत ठेवतानाही पाहिले. इतक्या वेळा कशासाठी? उत्तर सोपे आहे. शस्त्रांमुळे होणाऱ्या अपघातांत ‘मला वाटले रिकामे आहे’ हे कारण पुन्हा पुन्हा आढळते. शस्त्र हातात आले की ते भरलेलेच आहे असे समजून चालायचे आणि स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला नियम. नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळू द्यायचे नाही, हा दुसरा. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर, हा तिसरा.

या पायऱ्या गाळता येत नाहीत. आधी नकली, म्हणजे स्फोटक नसलेल्या दारूगोळ्यावर हात बसवायचा. भरणे, रिकामे करणे, अडकलेली गोळी काढणे या क्रिया डोळे मिटून करता येईपर्यंत त्यांची आवर्तने करायची. मग प्राथमिक हाताळणीची चाचणी. ती उत्तीर्ण झाल्यावरच खरा दारूगोळा हातात येतो. काही शस्त्रांसाठी मध्ये आणखी एक टप्पा असतो. क्षेपणास्त्रे अतिशय महाग असल्यामुळे मिलानसारख्या शस्त्राचा बहुतांश सराव सिम्युलेटरवरच होतो. रॉकेट लाँचरच्या नळीत लहान व्यासाची सरावाची गोळी वापरण्याची सोय असते.

या साऱ्यामागे एक मानसशास्त्रीय सत्य आहे. रात्र आहे, थंडी आहे, दोन दिवसांची झोप नाही, कानठळ्या बसवणारा आवाज आहे. अशा वेळी माणूस विचार करून वागत नाही, सवयीने वागतो. म्हणून सवयच योग्य लावायची. हॉथॉर्नच्या घटनेत जी पूर्वतयारी कमी पडली, ती हीच.

साधी नळी, अवघड शिस्त

उखळी तोफेइतके साधे दिसणारे दुसरे अवजड शस्त्र क्वचितच असेल. एक गुळगुळीत नळी, ती पेलणारा दुपायी आधार आणि जमिनीत रुतून बसणारी बेसप्लेट. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, इंग्रज अभियंता विल्फ्रेड स्टोक्स याने जी रचना केली, तिचाच गाभा आजही कायम आहे. ८१ मिलिमीटरच्या तोफेचे तिन्ही भाग मिळून वजन सुमारे ४० किलो भरते, म्हणजे तीन जवान ती वाटून पाठीवर वाहून नेऊ शकतात. तिचा सुमारे चार किलोंचा बॉम्ब पाच किलोमीटरच्या आसपास जाऊन पडतो. तो उंच चढून जवळजवळ सरळ खाली येत असल्याने डोंगराआड लपलेल्या शत्रूवरही मारा करता येतो. १९९९ च्या कारगिल युद्धात पर्वतावरील लढाईत अशा शस्त्रांचे मोल प्रकर्षाने जाणवले.

तिचे कार्य असे चालते. बॉम्ब वरच्या तोंडातून आत सोडला जातो. तो घसरत तळाशी जातो, तेथील टोकदार पिनेवर त्याच्या शेपटातील काडतूस आदळते, दारू पेटते आणि बॉम्ब ज्या वाटेने आला त्याच वाटेने प्रचंड वेगाने बाहेर पडतो. चाप नाही, झाकण नाही. म्हणूनच एका मिनिटात अनेक बॉम्ब टाकता येतात आणि म्हणूनच धोकाही येथेच आहे.

समजा, बॉम्ब आत गेला पण काडतूस पेटलेच नाही. यालाच ‘मिसफायर’ म्हणतात. शेजारी इतर तोफा धडाडत आहेत, अंधार आहे, आदेशांचा गलबला आहे. भरणाऱ्या जवानाला वाटले, आपला बॉम्ब गेला. त्याने दुसरा सोडला. आता एका नळीत दोन बॉम्ब. पुढे काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको. हा धोका जुनाच आहे. सोव्हिएत लष्कराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच आपल्या उखळी तोफांच्या तोंडाशी दुहेरी भरणा रोखणारे यांत्रिक साधन बसवले होते. ज्या तोफांवर असे साधन नसते, तेथे हे काम माणसाच्या शिस्तीला करावे लागते. प्रत्येक बॉम्ब बाहेर पडल्याचे डोळ्यांनी आणि कानांनी टिपायचे, शंका आली की ‘स्टॉप’ म्हणून ओरडायचे आणि खात्री होईपर्यंत पुढचा बॉम्ब हातातही घ्यायचा नाही.

मिसफायर झाल्यावरची कार्यपद्धती हा या शिक्षणातील सर्वांत कसोटीचा भाग. लगेच जवळ जायचे नाही, कारण दारू विलंबाने पेटण्याची शक्यता असते. त्याला ‘हँगफायर’ म्हणतात. ठरलेला वेळ थांबायचे. मग ठरलेल्या माणसांनीच पुढे व्हायचे, नळी तळापासून सोडवून सावकाश कलती करायची आणि घसरत तोंडाशी येणारा बॉम्ब दोन्ही हातांनी अलगद झेलायचा. या साऱ्या काळात कोणाचेही डोके किंवा धड नळीच्या तोंडासमोर येता कामा नये. वर्गात नकली बॉम्बवर शेकडो वेळा केलेली ही कृती खऱ्या बॉम्बवर करण्याची वेळ एखाद्याच दिवशी येते. पण त्या दिवशी ती चुकली तर दुसरी संधी नसते.

याखेरीज लहानसहान वाटणारे नियम कितीतरी आहेत. बॉम्ब सोडल्यावर हात नळीच्या बाजूने खाली आणायचे, तोंडावरून फिरवायचे नाहीत. तोफेच्या वर झाडाची फांदी नको, कारण संवेदनशील फ्यूज तिला लागूनही फुटू शकतो. पल्ला कमी करण्यासाठी बॉम्बच्या शेपटाकडून काढलेल्या जादा दारूच्या पुड्या तोफेजवळ साठू द्यायच्या नाहीत. बेसप्लेट मऊ जमिनीत खचत गेली तर नेम पुन्हा पुन्हा तपासायचा. यांतील प्रत्येक नियमामागे कुठे ना कुठे घडलेला एखादा अपघात उभा असतो.

तापलेली नळी आणि मागचा झोत

मशीनगनचा धोका वेगळ्या जातीचा. आपल्याकडील ७.६२ मिलिमीटरची मध्यम मशीनगन ही बेल्जियन ‘मॅग’ची भारतीय आवृत्ती. ती मिनिटाला साडेसहाशे ते हजार गोळ्यांच्या वेगाने मारा करू शकते. इतक्या वेगाने गोळ्या सुटू लागल्या, की थोड्याच वेळात नळी इतकी तापते की आत राहिलेली गोळी चाप न ओढताही केवळ उष्णतेने उडू शकते. त्यासाठीच अशा गनची रचना मुद्दाम वेगळी केलेली असते. मारा थांबला की बोल्ट मागेच राहतो, नळीत गोळी राहत नाही आणि हवा खेळून नळी थंड होते. नळी चटकन बदलण्याचीही सोय असते.

तरीही तापलेल्या गनमध्ये गोळी अडकली, तर घाईने झाकण उघडणे हीच मोठी चूक ठरते. जवानाची सहज प्रवृत्ती असते ती अडथळा ताबडतोब दूर करण्याची; प्रशिक्षण त्याला नळी गार आहे की तापलेली याचा आधी विचार करायला शिकवते. गोळ्यांचा लांबलचक फवारा न मारता छोट्या-छोट्या झोतांत मारा करण्याची सवय लावली जाते ती नेमासाठी आणि नळीसाठीही.

रॉकेट लाँचरच्या बाबतीत धोका समोर नसून पाठीमागे असतो. खांद्यावर ठेवून ८४ मिलिमीटरचा गोळा डागायचा, तर त्याचा धक्का माणसाने सोसायचा कसा? यावरची युक्ती अशी, की दारूच्या वायूंचा मोठा भाग मागच्या उघड्या तोंडातून बाहेर सोडायचा. पुढचा आणि मागचा जोर एकमेकांना तोलतात आणि खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही. मात्र मागे जो तप्त वायूंचा झोत निघतो, तो कित्येक मीटरपर्यंत माणसाला जायबंदी करू शकतो. म्हणून डागण्यापूर्वी भरणाऱ्याने मागे वळून पाहायचे, मागचा पट्टा मोकळा असल्याचे मोठ्याने सांगायचे आणि मगच इशारा करायचा. पाठीशी भिंत किंवा बांध असेल तर तेथून मारा करायचा नाही.

हा झोत केवळ सुरक्षेचाच नव्हे, तर लढाईचाही प्रश्न आहे. १९६५ च्या युद्धात खेमकरण क्षेत्रात चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या अशाच तत्त्वावरच्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उद्ध्वस्त केले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. या तोफेतून गोळा सुटला, की मागे धुळीचा प्रचंड लोट उठतो आणि शत्रूला आपली जागा कळते. म्हणून मारा करून लगेच जागा बदलावी लागते. ज्याला शस्त्राचे धोके नेमके ठाऊक असतात, तोच ते रणांगणात कौशल्याने वापरू शकतो. सुरक्षा आणि शौर्य यांच्यात विरोध आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

गेल्या काही वर्षांत या शस्त्रांचा आणखी एक धोका प्रकाशात आला आहे. लाँचर किंवा तोफ उडताना निर्माण होणारा हवेचा दाब, म्हणजे स्फोटलहर, मेंदूवर परिणाम करू शकते. एका धमाक्याने काही जाणवत नाही; पण वर्षानुवर्षे हजारो धमाके सोसणाऱ्या शिक्षकांच्या बाबतीत डोकेदुखी, विस्मरण, चिडचिड अशा तक्रारींकडे संशोधकांचे लक्ष गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने याबाबत सूचना काढल्या. दर चौरस इंचावर चार पौंड इतक्या दाबाची मर्यादा मार्गदर्शक मानून जवानांमधील अंतर राखावे, धमाक्यांची संख्या मर्यादित ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. येथे इजा डोळ्यांना दिसत नाही, रक्त सांडत नाही. सर्वांत अधिक धमाके सोसतो तो विद्यार्थी नव्हे, तर रोज नव्या तुकडीमागे उभा राहणारा उस्ताद. सुरक्षेचा विचार करताना आता त्याचाही विचार करावा लागणार आहे.

लाल निशाणाच्या अलीकडे

प्रत्यक्ष माऱ्याच्या सरावासाठी मैदान लागते. त्याला ‘फील्ड फायरिंग रेंज’ म्हणतात. तेथे लाल निशाण उभारले जाते, वाटांवर पहारे बसतात आणि मारा करणाऱ्या तुकडीपासून वेगळा असा सुरक्षा अधिकारी नेमला जातो. त्याचे काम एकच: मारा थांबवणे. मारा कधी सुरू करायचा हे वरिष्ठ ठरवतो, परंतु धोका दिसताच तो थांबवण्याचा आदेश कोणीही देऊ शकतो. अगदी नवखा शिपाई ‘स्टॉप’ म्हणून ओरडला, तरी मारा थांबलाच पाहिजे. पदांच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या लष्करात ही एक विलक्षण तरतूद आहे.

माऱ्याची दिशा ठरवताना किती काटेकोर राहावे लागते, याचे एक उदाहरण पाहू. लष्करात कोन अंशांत मोजत नाहीत, ‘मिल’मध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल होतात. एक मिलची चूक म्हणजे एक किलोमीटरवर साधारण एक मीटरचा फरक. दुर्बिणीवरचा आकडा लावताना एखाद्याने शंभर मिलची चूक केली, तर चार किलोमीटरवर बॉम्ब जवळजवळ ४०० मीटर बाजूला पडेल. तेथे आपलेच जवान असू शकतात, एखादे गाव असू शकते. म्हणून आकडा सांगणारा तो सांगतो, ऐकणारा मोठ्याने परत म्हणतो आणि तिसरा तपासतो. टेलिफोनवर बँकेचा खाते क्रमांक दोनदा विचारला की आपण वैतागतो. येथे त्या पुनरुच्चारावर प्राण अवलंबून असतात.

मारा संपला म्हणजे काम संपले असे नाही. पडलेले परंतु न फुटलेले गोळे, ज्यांना लष्करी बोलीत ‘ब्लाइंड’ म्हणतात, मोजून आणि शोधून जागेवरच नष्ट करावे लागतात. किती डागले, किती फुटले आणि किती राहिले याचा हिशेब जुळवावा लागतो. हा हिशेब जुळला नाही, तर त्याची किंमत बहुधा सैनिक चुकवत नाही. ती चुकवतो गुरे घेऊन आलेला मुलगा किंवा भंगार वेचणारी बाई.

काश्मीरच्या बडगाम जिल्ह्यातील तोसामैदान हे याचे बोलके उदाहरण. १९६४ पासून तेथे माऱ्याचा सराव होत असे. त्या कुरणात न फुटलेल्या गोळ्यांनी कित्येक गावकऱ्यांचे बळी घेतले, अनेकांना कायमचे अपंगत्व आले. अखेर २०१४ मध्ये मुदत संपल्यावर ते कुरण गावकऱ्यांना परत मिळाले आणि लष्कराने तेथे सफाईची मोहीम राबवली. झारखंडमध्ये नेतरहाटच्या प्रस्तावित मैदानाविरुद्ध आदिवासींनी जवळजवळ तीन दशके आंदोलन केले. २०२२ मध्ये राज्य सरकारने त्या क्षेत्राला मुदतवाढ न देण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील के. के. रेंजच्या विस्ताराच्या शक्यतेने २०२० मध्ये पारनेर, राहुरी आणि नगर तालुक्यांतील शेतकरी अस्वस्थ झाले होते. अशा मैदानांचा कायदेशीर आधार आहे १९३८ चा. ब्रिटिश राजवटीतल्या त्या कायद्यात अधिसूचना, गावकऱ्यांना तात्पुरते हटवणे आणि नुकसानभरपाई यांच्या तरतुदी आहेत. मात्र तेव्हाची लोकवस्ती आणि आजची लोकवस्ती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शस्त्रांचे पल्ले वाढत आहेत, मोकळी जमीन आकसत आहे. सराव न करणारे सैन्य निरुपयोगी आणि गावाशेजारचा सराव धोक्याचा, असा हा पेच आहे. सिम्युलेटर काही प्रमाणात तो सैल करू शकतात. पूर्णपणे सोडवू शकत नाहीत. कारण खऱ्या धमाक्याची भीती आणि ती भीती ओलांडून योग्य कृती करण्याची सवय पडद्यावर शिकता येत नाही.

प्रश्न उरतात ते असे

१० ऑक्टोबर २०२४ रोजी नाशिक येथील तोफखान्याच्या सरावात फील्ड गनचा मारा सुरू असताना गोळा फुटून दोन तरुण अग्निवीर मृत्युमुखी पडले. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी झाशीजवळच्या बबिना येथे सरावादरम्यान रणगाड्याची नळी फुटून दोन जवानांचा बळी गेला होता. ही शस्त्रे पायदळाच्या शस्त्रांहून वेगळी असली, तरी प्रश्न तोच आहे. अशा घटनेनंतर ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ नेमली जाते. तिचा निष्कर्ष बहुधा लोकांपुढे येत नाही.

अपघाताची कारणे ढोबळमानाने तीनच असतात: शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा दोष, हाताळणाऱ्याची चूक, किंवा त्या दोहोंच्या मागे असलेली व्यवस्थेची ढिलाई. दारूगोळ्याच्या दर्जाचा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा आहे. खडकी, देहू रोड, वरणगाव, भंडारा, चंद्रपूर येथील कारखाने देशाला दारूगोळा पुरवतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन त्यांची जी कंपनी झाली, तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. कारखान्यातील तपासनिसाने बाजूला काढलेला एक सदोष फ्यूज दूरच्या एखाद्या रेंजवर चार जणांचे प्राण वाचवत असतो, हे त्याला कधी कळतही नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. २०२२ पासून सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत भरती झालेल्या तरुणाचा सेवाकाळ चार वर्षांचा असून प्रशिक्षणाचा काळही त्यातच धरलेला आहे. वर उल्लेखिलेल्या अपघातांचा संबंध या योजनेशी जोडणे पुराव्याअभावी योग्य होणार नाही. तथापि साहाय्यक शस्त्रे पथकाची असतात आणि पथक घडायला वर्षे लागतात, हे विसरून चालणार नाही. नवख्याच्या शेजारी उभा राहून, आवाजातला किंचित फरक ओळखून, ‘थांब, तो बॉम्ब गेलेला नाही’ असे सांगणारा अनुभवी हवालदार कोणत्याही पुस्तकातून तयार होत नाही. त्या अनुभवी माणसांचे प्रमाण पथकात टिकून राहील याची काळजी घेणे, हे धोरणकर्त्यांचे काम आहे.

तिसरा प्रश्न मोकळेपणाचा. हॉथॉर्नच्या दुर्घटनेनंतर चौकशीचा निष्कर्ष जाहीर झाला, चूक कोठे झाली हे सांगितले गेले आणि वरिष्ठांनाही जबाबदार धरण्यात आले. त्यामुळे मृतांचे दुःख कमी झाले नाही, पण इतर तुकड्यांना शिकता आले. संरक्षणाची गुपिते राखायलाच हवीत. मात्र बॉम्ब नळीत अडकला असता काय करायचे, हे गुपित नाही. आणि ते का केले गेले नाही, हेही गुपित असू नये. निष्कर्षाचा तेवढा भाग तरी मृत जवानाच्या आई-वडिलांना आणि देशाला कळायला हवा.

युद्धात मरण आले तर त्याला वीरमरण म्हणतात. सरावात आलेल्या मरणासाठी आपल्याकडे शब्द नाही. असतो तो दोन परिच्छेदांचा वृत्तांत आणि गावी पोहोचलेली तिरंग्यातली शवपेटी. ते मरण टाळता येण्याजोगे असते, म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागते. उस्तादाच्या कंटाळवाण्या उजळणीचा, नळी पुन्हा पुन्हा तपासण्याचा आणि ‘स्टॉप’ या एका शब्दाचा अर्थ एवढाच आहे, की शस्त्र हाती घेतलेल्या मुलाला लढण्यापूर्वीच गमवायचे नाही.